'व्हॅनिटी फेअर' पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी: हिशेबाची वही जवळ ठेवा

थॅकरेची 'व्हॅनिटी फेअर' ही इंग्रजी कादंबरी उत्साहानं हातात घेऊन शंभर पानांच्या आत खाली ठेवणारे वाचक बरेच भेटतात. तक्रारी ठरलेल्या असतात. पुस्तक जाडजूड आहे, प्रकरणं ६७ आहेत, पात्रांची जत्रा भरली आहे आणि लेखक गोष्ट मध्येच थांबवून आपल्याशी गप्पा मारत बसतो. ज्यांचं इंग्रजी पक्कं आहे तेही याला कंटाळतात. माझ्या मते घोटाळा सुरुवातीलाच होतो, कारण आपण ती प्रेमकथा म्हणून उघडतो. नायक कोण, नायिका कोण, लग्न कुणाचं कुणाशी जमणार, याची वाट बघत बसतो. थॅकरेनं तर उपशीर्षकातच 'नायक नसलेली कादंबरी' असं बजावून ठेवलंय.

ही कादंबरी मुळात उधारीची आहे. कोण कुणाचं देणं लागतो, कोण कुणाच्या जिवावर गाडी-घोडे उडवतो, कुणाच्या मृत्युपत्रावर कोण डोळा ठेवून आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचा. मग पात्रांची गर्दी आपोआप रांगेत उभी राहते.

पहिली पायरी: लेखकाची तोंडओळख करून घ्या, पण त्यात अडकू नका

विल्यम मेकपीस थॅकरेचा जन्म १८ जुलै १८११ चा, कलकत्त्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. ते १८१५ मध्ये वारले आणि पाच वर्षांच्या पोराला जहाजात बसवून इंग्लंडला धाडण्यात आलं. वाटेत सेंट हेलेना बेटावर मुक्काम पडला. तिथे एका बागेत फेऱ्या मारणारा माणूस सोबतच्या नोकरानं त्याला लांबून दाखवला: हाच तो बोनापार्ट, रोज तीन मेंढ्या खातो आणि हाताला लागतील तेवढी लहान मुलंसुद्धा! ही आठवण थॅकरेनंच पुढे लिहून ठेवली. पुढे याच नेपोलियनच्या पायी त्यानं आपल्या कादंबरीतल्या एका सुखी घराचं दिवाळं वाजवलं.

केंब्रिजमधून तो पदवी न घेताच बाहेर पडला. वडिलांनी ठेवलेला पैसा काही जुगारात गेला, काही कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्या तेव्हा बुडाला. चित्रकार व्हायचं म्हणून तो पॅरिसला गेला. १८३६ मध्ये डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'साठी चित्रं काढून देतो म्हणून त्याच्याकडे गेला आणि नकार घेऊन परतला. त्याच वर्षी लग्न झालं. १८४० मध्ये बायकोचं मानसिक संतुलन बिघडलं, ते पुन्हा कधीच सावरलं नाही. दोन मुली वाढवायच्या होत्या, म्हणून मिळेल त्या नियतकालिकात, नाना टोपणनावांनी तो लिहीत राहिला. 'पंच' या विनोदी साप्ताहिकात १८४६-४७ मध्ये त्यानं इंग्लंडमधल्या स्नॉब, म्हणजे उगाच बडेजाव मिरवणाऱ्या, मंडळींवर लेखमाला चालवली, तेव्हा कुठे त्याचं नाव झालं. श्रीमंती त्यानं पाहिली होती आणि ती गेल्यावर लोक कसे वागतात तेही पाहिलं होतं. कादंबरी वाचायला एवढं चरित्र पुरे.

आता मराठी वाचकाच्या मनात जे आलंच असेल त्याबद्दल. प्रबोधनकार ठाकरे यांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग याच लेखकावरून घेतलं, असं सांगितलं जातं. संबंध काय तो तेवढाच.

दुसरी पायरी: चित्रं असलेली आवृत्ती शोधा

पुस्तकाचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते फुकट मिळतं आणि ऐकायचं असेल तर लिब्रिवॉक्सवर ध्वनिमुद्रण आहे. तरी पहिल्या वाचनाला तळटिपा असलेली छापील प्रत घ्या. ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स किंवा पेंग्विन क्लासिक्स, कुठलीही चालेल. तळटिपा लागतात, कारण त्या काळातली गाणी, दुकानं, कपडे आणि कुचाळक्या थॅकरे गृहीत धरून चालतो.

महत्त्वाचं म्हणजे प्रतीत थॅकरेची स्वतःची चित्रं आहेत ना, हे बघा. स्वस्त आवृत्त्या ती सर्रास गाळतात आणि मग निम्मा खट्याळपणा हातचा जातो. मासिक अंकाच्या मुखपृष्ठावर त्यानं पिंपावर उभं राहून प्रवचन झोडणारा विदूषक काढलाय. समोरचे श्रोतेही विदूषकच, सगळ्यांचे कान गाढवासारखे लांब. आठव्या प्रकरणात तो हळूच सांगून टाकतो की पिंपावरचा तो मीच. शेवटच्या प्रकरणात तर एक चित्र असं आहे की मजकुरानं जे बोलायचं टाळलं ते त्या चित्रात पडद्याआड उभं आहे. कुठलं ते सांगत नाही. पण ते न पाहता कादंबरी संपवलीत तर शेवट तुम्हाला अर्धाच कळला असं समजा.

तिसरी पायरी: प्रकरणं मोजू नका, हप्ते मोजा

जानेवारी १८४७ ते जुलै १८४८ या काळात ही कादंबरी दर महिन्याला पिवळ्या वेष्टनात यायची. किंमत एक शिलिंग, पानं ३२. एकूण १९ अंक निघाले, त्यातला शेवटचा जोडअंक. म्हणजे वाचकांनी ती दीड वर्षभर चवीनं वाचली, आणि आपण मात्र सुट्टीत चार दिवसांत उरकायला बघतो.

जुन्याच हप्त्यांप्रमाणे वाटणी करा. पहिला हप्ता प्रकरणं १ ते ४, दुसरा ५ ते ७, तिसरा ८ ते ११, चौथा १२ ते १४. पुढेही साधारण तीन-चार प्रकरणांचा एकेक घास आहे. चांगल्या आवृत्तीत हे विभाग दाखवलेले असतात. आठवड्याला दोन हप्ते घेतलेत तर दहा आठवड्यांत पुस्तक हातावेगळं होतं.

याचा फायदा लगेच जाणवतो. प्रत्येक हप्त्याच्या शेवटी वाचकानं पुढच्या महिन्याचा शिलिंग बाजूला काढून ठेवावा, अशी काहीतरी खोच असते. चौदाव्या प्रकरणात बेकी या कादंबरीतल्या चलाख मुलीसमोर म्हातारा जमीनदार गुडघे टेकतो. तिच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते अगदी खरं असतं, कारण त्या क्षणी एका वाक्यात तिला कबूल करावं लागतं की आपण काय गमावून बसलो. हप्ता तिथेच संपतो. बत्तिसाव्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य तर एका मोठ्या पात्राला अर्ध्या ओळीत संपवतं, तेही रडारड न करता. तिथे थांबा. लगेच तेहेतिसावं उघडू नका. १८४७ च्या सप्टेंबरात तो अंक वाचलेल्यांना महिनाभर थांबावं लागलं होतं, तुम्ही निदान रात्रभर तरी थांबा.

चौथी पायरी: वही घाला

साधी शाळेची वही पुरते. प्रत्येक पात्राला अर्धं पान द्या आणि चार गोष्टी लिहीत जा: पैसा किती, आला कुठून, कुणाचं देणं आहे, कुणाकडून आशा आहे. नातीगोती लिहायच्या फंदात पडू नका, ती आपोआप कळतात.

नोंद पहिल्याच प्रकरणापासून करता येते. चिझिक गावात मिस पिंकर्टनची मुलींची शाळा आहे. तिथून दोघी जणी निघाल्यात. अमीलिया सेडली ही लंडनच्या शेअर दलालाची लाडकी लेक. बेकी शार्प ही गरीब चित्रकार आणि फ्रेंच नर्तकी यांची अनाथ पोर, मुलींना फ्रेंच शिकवून त्या बदल्यात शाळेत राहिलेली. शाळेतून जाणाऱ्या प्रत्येक मुलीला मिस पिंकर्टन डॉ. जॉन्सनच्या शब्दकोशाची प्रत भेट देते. बेकीला द्यायची तिची तयारी नाही. शब्दकोशाची किंमत फक्त दोन शिलिंग नऊ पेन्स, हे थॅकरे आवर्जून नोंदवतो. धाकट्या बहिणीला कळवळा येतो, ती धावत येऊन बेकीच्या हातात एक प्रत सरकवते, आणि गाडी हलताच बेकी ती खिडकीतून बागेत भिरकावून देते. पुढे ६६ प्रकरणं बेकी जे काही करते त्याची मुद्दल हीच: पावणेतीन शिलिंगांचा अपमान. टाका तिच्या पानावर.

मग मिस क्रॉली येते. अविवाहित, खादाड, जिभेची तिखट, आणि सत्तर हजार पौंडांची धनीण. तिच्याभोवती भाचे-पुतणे, भावजया, सोबतिणी असा सगळा गोतावळा घोंगावत असतो. बँकेत शिल्लक असली की म्हाताऱ्या बाईला केवढी प्रतिष्ठा लाभते, असं थॅकरे अगदी साळसूदपणे म्हणतो. तिचं दुखलंखुपलं काढायला कोण आलं आणि कोणाच्या डोळ्यांत किती पाणी आलं, हे वहीत टिपत जा. मृत्युपत्र उघडेल तेव्हा ते पान काढून ताडून बघा, गंमत येईल.

पाचवी पायरी: इतिहास लागेल तेवढाच

वर्ष १८१५. नेपोलियन एल्बा बेटावरून निसटून फ्रान्समध्ये परततो, लंडनच्या बाजारात सरकारी रोखे कोसळतात आणि अमीलियाच्या वडिलांचं दिवाळं निघतं. घराचा लिलाव होतो, ठरलेलं लग्न मोडू लागतं, आणि काल ज्यांना त्यांनी मदतीचा हात दिला होता ते आज सगळ्यात मोठ्यानं शिव्या देतात. नंतर सगळी मंडळी फौजेबरोबर ब्रसेल्सला पोचतात. १५ जूनला डचेस ऑफ रिचमंडकडे नाच, १८ जूनला वॉटर्लू. इतकं माहीत असलं की झालं.

लढाईच्या वर्णनाची वाट बघू नका. आपली जागा न लढणाऱ्यांत, असं सांगून थॅकरे रणांगणाकडे पाठ फिरवतो आणि मागे राहिलेल्यांत रमतो. त्यातला तिसाव्या प्रकरणातला एक प्रसंग सावकाश वाचा. बेकीचा नवरा रॉडन क्रॉली, जुगारी, कर्जबाजारी, अक्कल बेताची. पहाटे लढाईवर निघायच्या आधी तो बसून यादी करतो: आपण मेलो तर बायकोला विकायला काय काय राहील. दुनळी बंदूक ४० गिनी, अस्तराला उंची फर असलेला डगला ५० पौंड, द्वंद्वाची पिस्तुलं २० पौंड (यानंच त्या कॅप्टनला गोळी घातली होती, हीसुद्धा नोंद). नवा गणवेश विकता यावा म्हणून मागे ठेवतो आणि स्वतः सगळ्यात जुना, विटका अंगावर चढवून जातो. साऱ्या पुस्तकात याहून खरं प्रेमपत्र नाही, आणि ते आहे मालमत्तेच्या यादीत! तो गेल्यावर बेकी झोप काढते, कॉफी पिते आणि बेरीज करायला बसते.

दोन प्रकरणांनी शहरात पळापळ सुरू होते, तेव्हा अमीलियाच्या घाबरगुंडी उडालेल्या भावाला, जॉसला, घोडा हवा असतो. बेकी त्याच्या चेहऱ्याकडे बघून भाव ठरवते. घेणार असशील तर दोन्ही घे, नाहीतर एकही मिळणार नाही. वहीत दोन पानं एकदम भरतात.

जॉस म्हणजे बंगालमधल्या 'बॉग्ली वॉला' नावाच्या काल्पनिक जिल्ह्याचा कलेक्टर. इथे आपल्याकडच्या वाचकाला आयता फायदा आहे. कंपनीचा पैसा, काश्मिरी शाली, मद्रासची पलटण हे सगळं इंग्रज वाचकाला टिपांतून कळतं, आपल्याला बरंचसं ऐकून ठाऊक असतं. तिसऱ्या प्रकरणात जॉसवर छाप पाडायला निघालेली बेकी त्याच्या घरची करी खाते, तोंड भाजलं तरी 'फारच छान' म्हणते. मग जॉस मिरची पुढे करतो. नाव ऐकून तिला ती काहीतरी गारेगार वस्तू वाटते. काय हिरवीगार आहे, म्हणत ती आख्खी तोंडात टाकते आणि पाण्यासाठी टाहो फोडते. म्हातारे सेडली खदखदून हसतात. पण ती क्षणात सावरते, अरेबियन नाइट्समधला एक दाखला देते आणि हसणाऱ्यांत सामील होते. पडली तरी नाक वर, ते असं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सेडलींच्या घरातला काळा नोकर आणि वेस्ट इंडीजची श्रीमंत वारस मिस स्वार्ट्झ, या दोघांची थॅकरेनं केलेली टिंगल आज वाचवत नाही. सेंट किट्सचा पैसा म्हणजे गुलामांच्या घामाचा पैसा, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी त्याचा चिमटा बसतो तो पैशासाठी तिला सून करू बघणाऱ्या म्हाताऱ्या ऑसबर्नला (अमीलियाचं लग्न ठरलंय ते याच्याच मुलाशी) आणि त्याहून जास्त तिच्या रंगाला. तिथे त्याला सूट देऊ नका.

सहावी पायरी: निवेदकाशी मैत्री करा, पण त्याला उसने देऊ नका

शीर्षक जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'मधून आलंय. १६७८ च्या त्या रूपककथेत यात्रेकरूंना 'व्हॅनिटी' नावाच्या गावातून जावं लागतं. तिथे बारमाही जत्रा भरते आणि मानमरातब, राज्यं, बायका, जीव, सगळं विकायला असतं. मराठीला ही गोष्ट जुनी आहे. हरी केशवजींनी १८४१ मध्येच 'यात्रिक क्रमण' या नावानं ती मराठीत आणली होती, म्हणजे थॅकरेच्या कादंबरीच्याही आधी.

बन्यनच्या गोष्टीत जत्रेपलीकडे स्वर्गाचं नगर आहे. थॅकरेच्या पुस्तकात पलीकडे काही नाही, जत्राच जत्रा. निवेदक हा तिथला खेळवाला आणि पात्रं त्याच्या कळसूत्री बाहुल्या. हे तो ज्या प्रास्ताविकात सांगतो ते लिहिलं गेलं सर्वांत शेवटी, जून १८४८ मध्ये. म्हणून तुम्हीही ते शेवटीच वाचा.

हा निवेदक कधी सर्वज्ञ असतो, कधी 'मला हे एका भोजनाच्या वेळी कळलं' असं म्हणून हात झटकतो. सुरुवातीला त्याच्या बडबडीतली एकही ओळ गाळू नका, निदान दहा प्रकरणं तरी. कान तयार झाला की कुठे तो खरं बोलतोय आणि कुठे सोंग आणतोय ते उमगू लागतं. पुढे बासष्ट-त्रेसष्टमध्ये पुंपरनिकेल नावाच्या जर्मन संस्थानातल्या दरबारी थाटाची वर्णनं येतात, तिथे भराभर पानं उलटलीत तरी फारसं अडत नाही.

सातवी पायरी: या तीन प्रकरणांत मुक्काम करा

छत्तीस आणि सदतीस. उत्पन्न शून्य असताना वर्षभर झोकात कसं राहावं, हा त्यांचा विषय. बेकी आणि रॉडन पॅरिसहून परतायच्या बेतात आहेत, पण लंडनमध्ये सावकार टपलेत. बेकी एकटी जाते, वकिलांना भेटते आणि दीड हजार पौंड रोख देऊन त्याच्या दहापटीहून जास्त कर्ज मिटवून येते. मग कर्झन स्ट्रीटवर घर थाटतात. घर आहे रॅगल्सचं. क्रॉली घराण्यात जन्म घालवलेला हा बटलर, पै-पै साठवून त्यानं ते घर घेतलेलं. धन्याच्या घरचा माणूस म्हणून त्याला केवढा अभिमान! भाडं मिळत नाही, किराण्याचं बिल मिळत नाही, आणि मुलाबाळांसकट रस्त्यावर येतो तो रॅगल्स. बडा घर पोकळ वासा ही म्हण आपण मालकाला उद्देशून वापरतो. इथे वासा कुणाच्या डोक्यावर पडतो ते बघायला मिळतं. बेकीच्या हुशारीवर लुब्ध झालेल्या वाचकानं ही दोन प्रकरणं जरूर दोनदा वाचावीत.

तिसरं मुक्कामाचं ठिकाण प्रकरण त्रेपन्न. गोष्ट आधी फुटलेली चालत नसेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

रॉडनला १६६ पौंडांच्या एका देण्यापायी पकडून कर्जदारांच्या कोठडीत टाकलंय. आजारी आहे, पैशांची खटपट करते आहे, असं बेकीचं पत्र येतं. वहिनी येऊन त्याला सोडवते. तो घरी जातो तर दिवे लखलखताहेत आणि दागिन्यांनी मढलेली बेकी लॉर्ड स्टाइन या धनाढ्य सरदाराबरोबर बसली आहे. पुढची मारामारी सगळ्यांच्या लक्षात राहते. पण खरा घाव त्यानंतर आहे. रॉडन तिची पेटी उघडायला लावतो आणि आत हजार पौंडांची नोट सापडते. तो एवढंच म्हणतो की यातले शंभर तरी मला द्यायचे होतेस, मी तर नेहमी तुझ्याबरोबर वाटून घेत आलो. बेकीनं बाकी काय केलं, ती दोषी होती की नव्हती, हे निवेदक मुद्दाम सांगत नाही, प्रश्न विचारून मोकळा होतो. वही मात्र स्पष्ट उत्तर देते. तिसाव्या प्रकरणातली ती यादी इथे काढून शेजारी ठेवा.

आठवी पायरी: अमीलियाचा राग येऊ द्या

येणारच. सतत रडते, मेलेल्या माणसाच्या तसबिरीला पूजते, आणि तिच्यासाठी झुरणाऱ्या डॉबिनला वर्षानुवर्षं फुकट राबवते. लिलावातून तिचा लाडका पियानो कुणीतरी विकत घेऊन तिला परत पाठवतं. तो कुणी पाठवला असेल याबद्दल ती सोयीस्कर समजूत करून घेते आणि कित्येक वर्षं तिला धरून बसते. वहीत डॉबिनच्या नावावर जमा टाका, अमीलियाच्या नावावर येणं दाखवा. मग दिसेल की ही गोड मुलगीही उधारीवरच जगते आहे, फक्त तिची उधारी पौंडांत मोजता येत नाही. बेकी निदान भाव ठरवून घेते. वर्षाला पाच हजार पौंड असते तर मीही सज्जन बाई झाले असते, असं बेकी एके ठिकाणी मनाशी म्हणते. त्यावर निवेदकही तिला ठामपणे खोडून काढत नाही.

नंतर काय

पडद्यावरची रूपं पुस्तक संपल्यावरच बघा. मीरा नायरच्या २००४ च्या चित्रपटात भारत भरपूर आहे, पण बेकी बरीच मवाळ झाली आहे. २०१८ ची सात भागांची ब्रिटिश मालिका तिच्या धूर्तपणाला जास्त धरून आहे.

थॅकरेचं दुसरं पुस्तक घ्यायचं तर 'बुक ऑफ स्नॉब्ज' घ्या. छोटे छोटे लेख आहेत, कुठूनही उघडा. लबाड माणसाच्याच तोंडून त्याची कहाणी ऐकायची हौस असेल तर 'बॅरी लिंडन'. 'हेन्री एसमंड' ही १८५२ ची ऐतिहासिक कादंबरी त्याची सर्वांत रेखीव रचना मानली जाते. पण तिची भाषा मुद्दाम जुन्या वळणाची ठेवली आहे, ती घाईनं घेऊ नका. 'द न्यूकम्स'मध्ये बुंदेलखंडाच्या नावानं काढलेली एक बँक बुडते आणि एका निवृत्त कर्नलला धुळीला मिळवते. कलकत्त्याच्या पेढ्यांनी लेखकाचे पैसे कसे खाल्ले होते हे पहिल्या पायरीवर वाचलेल्यांना तो भाग विशेष लागेल. पुस्तक मात्र 'व्हॅनिटी फेअर'हूनही लांबलचक आहे, तेव्हा मध्ये महिनाभराची विश्रांती घेतलेली बरी.